मरहूम हिंदी बाईचं गाणं

कतीफ,
२० जून २०१८

आलिमाबुबू, तुझ्या धाकट्या भावाचा, मोहियुद्दीनचा सलाम.

हे पत्र फाडणार असशील तर शेवटपर्यंत वाचून फाड, कारण कामाचं सगळं शेवटी लिहिलंय. तू फोन घेत नाहीस म्हणून कागदाला हात घातला. मागच्या बकरी ईदला तुझ्या भावजयीने, जोहराने, तुला फोन लावून दिला, तर तू तिलाच म्हणालीस, "त्याला सांग, माझे हात मटणाचे आहेत." तो फोन झाला त्याला दहा महिने होतील. अजून हात धुतले नसतील तर कमाल आहे गो तुझी.

हे पत्र गुरुनाथ परब आणून देतील. भला माणूस आहे. दम्मामला एका कंपनीत हिशेब बघतो, मूळचा गुहागरचा, म्हणजे आपल्या दाभोळसमोरचाच. बायकोमुलांना कायमचं गावी सोडायला येतोय. खाडी ओलांडून तुझ्याकडे जाऊन या, असं मीच त्याच्या मागे लागलो. त्याला उपाशी पाठवू नकोस. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढशील म्हणून सांगितलं.

आता बातमी. मी परत येतोय, कायमचा. इथल्या सरकारने हुकूम काढलाय की अकरा सप्टेंबरपासून भांड्यांच्या दुकानांत सत्तर टक्के माणसं सौदी हवीत. आमच्या दुकानात माणूस एकच, मी. एका माणसाचे सत्तर टक्के कसे काढणार? माझा कफील अबू जवाद, म्हणजे दुकानाचा मालक, तीन दिवस विचार करत बसला. मी म्हटलं, चाचा, हातपाय आणि डोकं सौदी ठेवा, पोट तेवढं माझं राहू द्या. हसला, पण डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. बत्तीस वर्षं झाली, बुबू. मी आलो तेव्हा त्याची दाढी काळी होती आणि माझी धड भरायची होती.

शेवटी त्याने नातीला बोलावलं. बतूल. तेवीस वर्षांची, कॉलेज शिकलेली, दोन वर्षं नोकरी शोधत होती. आता काउंटरवर ती बसणार आणि तीन महिन्यांत मी तिला सगळं शिकवायचं. कुठला थर्मास गळतो, लग्नाची परात किती माणसांना पुरते, कुठलं गिऱ्हाईक भाव न करता निघून जातं आणि उद्या परत येतं. मी बोलतो, ती मोबाईलमध्ये लिहून घेते. पहिल्या दिवशी मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. आपल्याच जागेवर बसणारीला आपणच खुर्ची पुसून द्यायची. पण पोरगी हुशार आहे आणि मला 'अम्मी मोहियुद्दीन' म्हणते. घाबरू नकोस, त्यांच्यात काकाला तसं म्हणतात.

कपाट आवरताना जुना टू-इन-वन सापडला. आठवतं का गो टेपांचं? सुट्टीवरून येणाऱ्याच्या बॅगेत आंब्याच्या पोळीखाली दहा घरांच्या टेपा असायच्या. मुंब्र्याचा, मुरुडचा, आपल्या दाभोळचा, ज्याची त्याला वाटून द्यायची. मग आम्ही सातजण एका खोलीत पाळीने ऐकायचो. कुणाची बायको रडायची, कुणाचा बाप खोकायचा, आणि तुझी टेप लागली की सगळे गप्प, कारण तू एका बाजूला गावच्या चहाड्या सांगायचीस आणि दुसऱ्या बाजूला गायचीस. स्वतः रचलेलं. तुझं एक गाणं इथल्या लोकांना अजून आवडतं. ते भेटल्यावर सांगेन.

कामाचं हे, की जोहरा म्हणते चिपळूणला तिच्या भावांशेजारी राहू. मला खाडीकाठी यायचंय. आपल्या घराची मागची खोली रिकामी आहे का? हो किंवा नाही, एवढंच गुरुनाथना तोंडी सांग.

तुझा,
मोहियुद्दीन


कतीफ,
१५ जुलै २०१८

आलिमाबुबू,

गुरुनाथ परत आले. त्यांना मी दम्मामला जाऊन गाठलं, कारण धीर निघत नव्हता. म्हणाले, बाईंनी पत्र घेतलं, तांब्याखाली ठेवलं, कोकम सरबत दिलं, माझ्या आजोबांचं नाव विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "तो जाड झालाय काय?"

मी विचारलं, आणि खोलीचं? तर म्हणे, त्याबद्दल काही नाही.

मी जाड झालो नाही. पोट तेवढं आलंय. तू विचारलंस याच आनंदात दोन दिवस गेले आणि म्हणूनच आता खरं लिहायला बसलोय. मागच्या पत्रात मी लबाडी केली. 'भेटल्यावर सांगेन' लिहिलं, कारण समोर तू चहा ठेवून भिंतीशी बोलायला लागलीस की माझी जीभ उचलत नाही. भिंतीला तू म्हणतेस, "चहा निवतोय म्हणावं," आणि मी भिंतीला म्हणतो, "पितो." दर सुट्टीला एवढंच. तेव्हा कागदावरच सांगतो.

ते होडीचं गाणं आठवतं ना? तू अठ्ठ्याऐंशी साली पाठवलेलं.

तांडेला, होडी सावकास न्हे,
आय माजी धक्क्यार उबी हाय.
वारा पडला त पडू दे गो बाय,
आज कुनाला घाई नाय.

दुपारची वेळ होती. बाजार बंद करायच्या आधी मी दुकानात ती टेप लावली होती. अबू जवादची बायको, उम्म जवाद, मुलीच्या लग्नाच्या पराती निवडायला आली होती. निवडता निवडता थांबली. भाषा तिला कळेना, पण तिचा बाप मोती काढायला समुद्रावर जाणारा. तिने आवाजातला समुद्र ओळखला. मला विचारलं, काय म्हणतेय ही? मी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, की नवरी होडीतून सासरी निघालीय, आई धक्क्यावर उभी आहे, आणि ती होडीवाल्याला सांगतेय की हळू ने. उम्म जवाद तिथल्या तिथे रडायला लागली. मग विचारलं, "ही कोण?"

बुबू, मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. दुकानात दोन परके पुरुष उभे होते. आदल्याच आठवड्यात खोलीवर एकाने मला टोमणा मारला होता, की याची बहीण समुद्रापलीकडून सगळ्यांना गाऊन दाखवते. माझे कान तापलेलेच होते. माझी बहीण म्हणून सांगायला तोंड उघडेना. गावातली एक बाई आहे म्हणालो असतो, तर पुढे आणखी प्रश्न आले असते. म्हणून मी म्हणालो, "आमच्या गावची होती एक. वारली."

तोंडातून शब्द निघाला आणि उम्म जवादने पराती खाली ठेवल्या, हात वर केले आणि मेलेल्यांच्या नावाने पढतात तशी उभ्या उभ्या तुझ्या नावाने फातिहा पढली. ते दोन पुरुषही पढले. मीही पढलो. माझ्या जिवंत बहिणीसाठी, दुकानात, भर दुपारी.

त्यानंतर परत कसं घ्यायचं, तूच सांग. कुणाला कसं म्हणणार, की थांबा, ती जिवंत आहे, तुमची दुआ परत करा?

उम्म जवादने टेप नेली ती नेलीच. पोरीच्या मेंदीला तिने ते गाणं अरबीत घातलं. तांडेलाचा नौखदा केला, कारण त्यांच्याकडे होडीच्या मालकाला नौखदा म्हणतात. बाकी सगळं तुझंच. चाल तीच आणि 'गो बाय'सुद्धा तसंच ठेवलं. अर्थ माहीत नाही, पण त्याशिवाय गाणं हलत नाही म्हणतात. पुढच्या लग्नाला शेजारणीने म्हटलं, मग तारूत बेटावर गेलं, सफवाला गेलं, सुना पूल ओलांडून बहरीनला गेल्या त्यांच्याबरोबर तिकडे गेलं. तीस वर्षांत इथे अशी नवरी नसेल जिला हे ऐकून रडू फुटलं नाही. आणि गाण्याआधी दर वेळी उम्म जवादची रीत म्हणून मरहूम हिंदी बाईच्या नावाने एक फातिहा.

आता बतूल आणि तिच्या मैत्रिणी लग्नाच्या गाण्यांचं पुस्तक करतायत. प्रत्येक गाण्याखाली ते कुणाचं हे छापणार. काल तिने मला कच्चं पान दाखवलं. तुझ्या गाण्याखाली लिहिलंय, 'शब्द आणि चाल: एक मरहूम हिंदी बाई.' म्हणाली, "अम्मी, तुमच्या गावचीच ना? नाव आठवतं का?"

मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे, बघतो.

मो.


कतीफ,
२९ ऑगस्ट २०१८

बुबू,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. आपण मेलो हे पत्रातून कळल्यावर कोण उत्तर देईल?

ईद झाली आणि इथे लग्नांची झुंबड उडाली. आता मोहरम लागायच्या आत सगळ्यांना उरकायचंय. आमच्या दुकानातून मोठ्या पराती आणि कॉफीचे थर्मास लग्नघरी जातात. काल दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर, मी आणि बतूल गाडी घेऊन गेलो. ती आत गेली. मी बायकांच्या दाराबाहेर, खजुराच्या झाडाखाली, पराती मोजत बसलो.

आतला गलका एकदम थांबला. मला माहीत होतं काय होणार. शंभर-दीडशे बायका हळू आवाजात फातिहा पुटपुटत होत्या. मग डफ वाजला आणि तुझं गाणं सुरू झालं. कुणीतरी तरुण पोरगी म्हणत होती. तुझ्यासारखा आवाज नाही, उगाच फुशारकी मारत नाही, पण 'गो बाय'ला तुझ्यासारखाच श्वास सोडला तिने. तो श्वास तिला कुणी शिकवला असेल? टेपवरून एकीने उचलला, तिच्याकडून दुसरीने.

मी परातीत तोंड घालून रडलो, बुबू. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या.

धक्क्यावरची आई मला आठवत नाही. तुझं लग्न झालं तेव्हा मी पाच वर्षांचा. मला फक्त तिचा हात आठवतो, माझ्या मनगटाला घट्ट धरलेला, कारण मी होडीमागे पाण्यात उतरायला बघत होतो. पुढच्या वर्षी ती गेली. तुझा नवरा जहाजावर गेला तो आलाच नाही, आणि तू परत आलीस ती माझी आई होऊन. मला न्हाऊ घातलंस, शाळेत धाडलंस, पोरींना कुराण शिकवून माझं पोट भरलंस. आणि मी काय केलं? तुला मारून टाकलं.

तेवढ्यानेही माझं भागलं नाही. गाणं पसरायला लागलं तशी मला भीती वाटू लागली. उद्या कुणी आपल्या बाजूचा माणूस ऐकेल आणि म्हणेल, अरे, ही तर याची बहीण, हयात आहे. म्हणून त्र्याण्णव साली मी तुला लिहिलं, की यापुढे गाणी पाठवू नकोस, चारचौघांत घरच्या बाईचा आवाज बरा दिसत नाही. ते पत्र मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. खोटं झाकायला तुझं तोंड बंद केलं आणि वर तुलाच मर्यादा शिकवली.

तू उत्तरादाखल टेप पाठवलीस. मी लावली. काहीच नाही. उलटी केली, तरी काही नाही. साठच्या साठ मिनिटं कोरी. मी दोन्ही बाजू संपूर्ण ऐकल्या, तुला माहीत नसेल. पहिल्या बाजूला एकदा कोंबडा आरवतो. दुसऱ्या बाजूला तू एकदा खोकतेस. म्हणजे तू समोर बसली होतीस, बटण दाबून, आणि तासभर गप्प.

आणखी एक कबूल करायचंय. आपली पद्धत होती ना, आलेली टेप ठेवून घ्यायची नाही. ऐकायची, तिच्यावरच आपलं बोलायचं आणि जाणाऱ्याच्या हाती परत द्यायची. एकेक टेप आठ-दहा वेळा समुद्र ओलांडायची. मी तसंच केलं. तू गायचीस आणि मी त्याच्यावर बोलायचो, 'लोणचं मिळालं, तब्येत बरी आहे, जोहराला सांग कागदपत्रं पाठव.' काल बसून मोजलं. तुझी चौदा गाणी मी लोणच्याखाली पुसली. एक वाचलं, तेही उम्म जवादने टेप परत केली नाही म्हणून.

ती कोरी टेप मात्र मी परत पाठवली नाही. तिच्यावर काय बोलावं ते सुचलंच नाही. पंचवीस वर्षं कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी आहे.

मो.


कतीफ,
८ सप्टेंबर २०१८

बुबू,

सांगितलं.

काल सांगितलं. पुस्तक सोमवारी छापायला जाणार म्हणून बतूलने परत विचारलं. उम्म जवाद तिथेच बसली होती, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर. गुडघे गेलेत तिचे, पण रोज नातीला बघायला येते, पोरगी काउंटरवर कशी दिसते ते. मी म्हटलं, "उम्म जवाद, ती बाई मेली नाही. माझी बहीण आहे. मी खोटं बोललो होतो."

तिने हातातली काठी मांडीवर आडवी ठेवली.

मग ती म्हणाली, "तीस वर्षं मी एका जिवंत बाईला कबरीत ठेवलं?"

मी म्हटलं, "मी ठेवलं."

"आणि पढणारी मी!" तिने काठी आपटली. "मुलींना शिकवलं, नातींना शिकवलं. माझ्या बापासाठी पढत नसेन तेवढं तिच्यासाठी पढले. का रे?"

"लाज वाटली."

"बहिणीची?"

मी मान हलवली. बुबू, मला वाटलं ती म्हणेल, साहजिक आहे, त्या काळी असंच होतं. इथेही बायकांचं नाव बाजारात घेत नाहीत. मी तिला आजवर 'उम्म जवाद', म्हणजे जवादची आई, असंच म्हणतो, तिचं स्वतःचं नाव मला माहीत नाही. पण ती म्हणाली, "मी मेल्यावर माझं नाव कुणी विचारणार नाही, मोहियुद्दीन. तिचं तर आम्ही जिवंतपणी विचारत होतो. तेही तू दिलं नाहीस."

मग तिने एकामागून एक विचारलं. तिला कोण बघतं? मुलंबाळं आहेत का? अजून गाते का? तिला माहीत आहे का, की इथे तिचं गाणं आहे? शेवटच्या प्रश्नाला मी नाही म्हटलं आणि ती उठली. सलाम न करता गेली.

बतूल पेन घेऊन बसली होती. अम्मी, नाव सांगा, म्हणाली.

नाव ओठावर होतं. सांगून टाकलं असतं की मी मोकळा. पण मी म्हटलं, "आधी तिला विचारतो. एकदा तिला न विचारता मारली, आता तिला न विचारता जिवंत करणार नाही." बतूलने पेन ठेवलं. सोमवारऐवजी पुढच्या सोमवारी पान देऊ म्हणाली. यल्ला, लवकर विचारा, म्हणाली. हे पत्र तीच आपल्या खर्चाने कुरियर करतेय, दोन-तीन दिवसांत तुझ्या हातात पडेल.

आज सकाळी उम्म जवादने डबा पाठवला. रुतब, म्हणजे ताजे, अर्धे पिकलेले खजूर, त्यांच्याच बागेतले. निरोप एवढाच होता: "हे जिवंत बाईसाठी. तू खाऊ नकोस." मी एकही खाल्लेला नाही.

अकराला दुकान बतूलच्या ताब्यात जाईल. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, खलास होतोय, वीस तारखेचं विमान आहे. तुला दोनच गोष्टी विचारतो. तुझं नाव देऊ का? आणि मी कुठे येऊ, दाभोळला की चिपळूणला? नको म्हणालीस तर नको. पुस्तकात काहीही न लिहिता जागा सोडू. तुझ्या टेपसारखी कोरी.

माफ कर म्हणायला तोंड नाही, म्हणून लिहितो. माफ कर गो बुबू.

तुझा,
मोहिद्या


दाभोळ,
१४ सप्टेंबर २०१८

मोहिद्या,

अक्षर माझं आहे. चौथीनंतर एवढं लांब काही लिहिलं नाही, तेव्हा चुका काढू नको. शेजारची सुहाना फोनवर फोटो काढून पाठवतेय. पोस्टात टाकलं असतं तर पत्राच्या आधी तूच आला असतास.

चारही पत्रं वाचली. मी मेले हे वाचून दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी मासळीवाली आली, बांगडे ताजे होते, तेव्हा मेलेल्या बाईने उठून भाव केला. काय करते? पोट कुणाचं ऐकतंय.

आता नीट वाच. तू मला मारलंस त्याचं मला एवढं लागलं नाही. तू लहानपणापासून घाबरट, अडचणीत आलास की पहिलं खोटं तोंडात येतं. कैऱ्या चोरल्यास तेव्हाही तू सांगितलंस की झाड पडलं. मला लागलं ते वेगळंच. तिथे बायका गात होत्या आणि तू मला तीस वर्षं कळवलं नाहीस. मला वाटलं, माझा आवाज भावाला लाज आणतो. हळदीला बोलवायला यायच्या, तर मी सांगायचे, घसा बसलाय. पंचवीस वर्षं घसा बसलेली बाई कुणी बघितलीय का? गावाने विचारायचं सोडलं. मी रचायचं सोडलं नाही. मनातल्या मनात रचायचे आणि मनातच ठेवायचे. तुझी ती चौदा गेली म्हणून रडू नको. ती मला पाठ आहेत. टेप पुसते, मी पुसते काय?

नाव छापायला सांग. आलिमा, एवढंच. पुढे बापाचं नको, नवऱ्याचं नको, तुझं तर नकोच नको. खाली गाव घाल, दाभोळ.

उम्म जवादला माझा सलाम सांग. तिला म्हणावं, पढलेलं वाया गेलं नाही. त्या सगळ्या फातिहा आमच्या आईच्या नावाने कर. गाण्यात जी धक्क्यावर उभी आहे ती तीच. तिच्यासाठी गावात पढणारी मी एकटीच होते. इतक्या बायका तिच्यासाठी पढत होत्या हे मला आधी कळतं, तर मी तुला तेव्हाच माफ केलं असतं. आणि उम्म जवादचं स्वतःचं नाव विचारून ये. मला हवंय.

त्यांचं गाणं अर्धंच आहे. होडी खाडीत आहे आणि तिथेच सोडली. शेवटचं कडवं जमायला मला पाच वर्षं लागली, ते पुढच्या टेपवर पाठवणार होते, तेवढ्यात तुझं ते गाणी बंद करायचं पत्र आलं. बतूलला हे दे, पुस्तकात घालू दे:

तांडेला, आली पल्याडची रेती,
नांगर टाक, मी उतरते हाय.
मागं वलून बगू नको गो बाय,
आय माजी अजून उबी हाय.

खोलीचं. मागच्या खोलीत नारळ भरलेत आणि एक कोंबडी अंड्यांवर बसलीय. नारळ तू आल्यावर काढ. कोंबडीला हात लावायचा नाही, तिचं होईपर्यंत तू ओटीवर झोप. जोहराला चिपळूणला जायचं तर जाऊ दे, चार दिवसांत कंटाळून येईल.

खजूर सांभाळून आण. आणि ती कोरी टेप आण. सुहाना हसतेय, म्हणते आजी, आता टेपवर कोण बोलतं? मी म्हटलं, तू गप गो. तिच्या बापाने आपल्या घरचा जुना टू-इन-वन दापोलीला नेऊन कालच दुरुस्त करून आणलाय.

ऐकलेली टेप ठेवून घ्यायची नसते, मोहिद्या. परत द्यायची पाळी तुझी होती.

आलिमा